नमदा

स्टिकरवर लिहिलं होतं : काढल्यास वॉरंटी संपेल.
मी नखानं काढला.
नऊशे पौंडांचा हेडफोन
स्वयंपाकघरातल्या टेबलावर उताणा पडला,
गाद्या उतरवलेला, जाळी उघडी,
आत पापडाहून पातळ एक पडदा.

हडर्सफील्डला नोव्हेंबरात
साडेतीनलाच दिवे लावावे लागतात.
सहा स्क्रू डब्याच्या झाकणात मोजून ठेवले.
पुन्हा मोजले तर पाच.

तक्रार एकच होती.
गाणाऱ्या बाईंचा 'स' बोचायचा.
'सखी'तला, 'सांज'मधला,
ताटावर चमचा खरवडावा तसा.
बाकी सगळं छान. पण एकदा 'स' दिसायला लागला
की गाण्यात दुसरं काही दिसत नाही.

शेजारचे क्लिफर्ड हेग, वय एक्याऐंशी,
पंचेचाळीस वर्षं मागावर उभे होते,
कान तिथेच ठेवून आले.
गिरणी बंद झाली तेव्हा उचललेली
करड्या नमद्याची एक गुंडाळी घेऊन आले,
दाबलेली लोकर, आपल्या बुरणुसाची नात.
"केवढा आवाज दाबायचाय?"
मी आवाज न काढता नुसते ओठ हलवले
(त्यांना तसंच नीट कळतं) :
एवढासाच. आणि चिमूट दाखवली.

वाटी पालथी घालून गोल आखला.

मिरजेला आमच्या दारासमोर
दस्तगीरमामूंचं तंबोऱ्यांचं दुकान होतं.
जवारी लावताना ते तारेखाली दोरा सरकवायचे,
केसभर,
मग छेडायचे, मान तिरकी करून बसायचे,
मग पुन्हा केसभर.
आम्ही शाळेतून परत यायचो तरी
तोच दोरा, तीच तार.
झालं का, विचारलं तर म्हणायचे,
मला काय विचारता, तारेला विचारा.

पहिल्या रात्री बाई बुरणुसात तोंड खुपसून गायल्या.
नमदा अर्धा केला.
तिसऱ्या रात्री तंबोरा पलीकडच्या खोलीत गेला.
नमद्याला भोकं पाडली, चार, मग सात,
कामावरून आणलेली कागदी पट्टी लावली, काढली, लावली.
नवरा म्हणाला, बदल काय झाला?
मी म्हटलं, थांब.
तो झोपायला गेला.

अकराव्या रात्री 'स' मऊ झाला.
उजव्या कानात मात्र
गाणं जरा मेलंच.

मी लोकांचे कान तपासते, हॉस्पिटलात.
जेवणाच्या सुट्टीत बेव्हर्लीनं मला
माझ्याच खोलीत, माझ्याच खुर्चीवर बसवलं.
ऐकू आलं की बटण दाब.
दाबत गेले. मग बराच वेळ शांतता होती,
आणि काचेपलीकडे तिची बोटं
काम करत होती.

डावा कान. सहा हजारांवर
आलेख पायरी चुकल्यासारखा खाली उतरलेला.
जिथे कान उणा, तिथेच आवाज बोचतो :
हे मी रोज चार-पाच जणांना समजावते,
हातात कागद देऊन, आवाज मवाळ ठेवून.
बेव्हर्लीनं मला समजावलं नाही.
तिनं चहा आणला.

घरी येऊन उजवीकडचा नमदा काढला.
डावीकडचा ठेवला.
नऊशे पौंडांची वस्तू आता
जगात फक्त मलाच बरोबर आहे.

सहावा स्क्रू नाताळात फ्रिजखाली सापडला.
बसवला नाही अजून.
मंद्र षड्जावर डावी वाटी किंचित झणझणते
आणि मला ते,
खरं सांगायचं तर, बरं वाटतं.

हेग आले होते परवा, गुंडाळी न्यायला.
त्यांना हेडफोन दिला.
त्यांनी तो कानाला लावला नाही,
गालाच्या हाडावर टेकवला, डोळे मिटले.
आत तंबोरा चालू होता.
बराच वेळ गेला.

"एक स्क्रू ढिला आहे," ते म्हणाले.
मी ओठांनीच म्हटलं,
माहीत आहे.